‘रिपोर्ट नॉर्मल’ आल्यानंतर: एका मोटर वाइंडिंग कारागिराच्या बायपोलर आजाराचे प्रकरण

मराठवाड्यातल्या एका खासगी मनोविकार दवाखान्यात मी समाजसेविका म्हणून काम करते. हे प्रकरण आमच्याकडचे आहे. रुग्णाच्या आणि त्यांच्या पत्नीच्या संमतीने लिहिते आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथे सुधाकर म्हणते.

पार्श्वभूमी

सुधाकर आमच्याकडे आले तेव्हा 36 वर्षांचे होते. लातूर-बीड सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावी त्यांचे मोटर वाइंडिंगचे दुकान आहे. घरात पत्नी, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि आई. थोरले भाऊ शेती बघतात. चार एकर जमीन, सोयाबीन आणि हरभरा.

2021 च्या पावसाळ्यात सुधाकर गप्प झाले. दुकानाचे शटर अकरा वाजता उघडायचे, एकदा तर चार दिवस उघडलेच नाही. जेवण तुटले. एका डॉक्टरांनी उदासीनतेवरची गोळी सुरू केली, सोबत मूड स्थिर ठेवणारे औषध दिले नाही. पूर्वी कधी अंगात जास्तीचा उत्साह आला होता का, हे विचारायचे राहून गेले. आला होता. चोविसाव्या वर्षी दोन-अडीच आठवडे ते जवळपास झोपलेच नव्हते. घरच्यांच्या आठवणीत ते दिवस आजार म्हणून नोंदलेच गेले नव्हते. आई कौतुकाने म्हणाली, “तवा लई हुशारी आली होती त्येला.” बायपोलर आजारात माणूस कधी उदासीनतेत, तर कधी अतिउत्साहाच्या उन्मादात जातो. असा आजार आधी उदासीनतेच्या रूपात समोर आला की दुसरी बाजू कुणाच्याही हातून निसटू शकते. पण बायपोलर आजारात उदासीनतेवरची गोळी एकटी दिली तर माणूस उन्मादाकडे ढकलला जाऊ शकतो.

तसेच झाले. तीनेक आठवड्यांत झोप दोन तासांवर आली आणि रब्बी सुरू झाली.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडे थांबते. रब्बीत शेतीपंपांची थ्री-फेज लाइन कधी दिवसा असते, कधी रात्री. गावातले सगळे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडते, मोटार जास्त करंट ओढते, वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, तापते आणि जळते. हरभऱ्याला पाणी द्यायचे असते, त्यामुळे शेतकरी जळालेली मोटार रात्री नऊला आणतो आणि सकाळी मागतो. वाइंडिंगवाल्याचा हाच खरा हंगाम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुकानात रात्रभर दिवा जळताना दिसला तर कुणाला काही वावगे वाटत नाही. म्हणून सुधाकरांचा उन्माद महिनाभर कष्टाळूपणा म्हणून खपून गेला.

डिसेंबर 2021 मध्ये आमच्याकडे आणले तोवर त्यांनी तांब्याच्या तारेचा मोठा साठा उधारीवर उचलला होता. तीन रुपये शेकड्याने पैसे काढून शेजारचा गाळा घेतला होता आणि चार पोरांना नोकरीचा शब्द दिला होता. बोलण्याला खळ नव्हता. डॉक्टर मॅडमनी उदासीनतेची गोळी बंद केली, मूड स्थिर ठेवणारे लिथियम सुरू केले आणि सोबत काही आठवडे झोपेसाठी व उन्मादासाठी दुसरे औषध दिले. जानेवारीच्या अखेरीस ते बऱ्यापैकी थाऱ्यावर आले.

अडचण कुठे सुरू झाली

दोन वर्षांपूर्वी सुधाकर मोटारसायकलवरून पडले होते आणि काही मिनिटे शुद्ध हरपली होती. म्हणून मॅडमनी मेंदूचा एमआरआय काढायला सांगितला. जुना रक्तस्राव, गाठ किंवा इजा राहिली नाही ना, एवढेच बघायचे होते. रिपोर्ट नॉर्मल आला. मॅडमनी तो पाहून फाइलमध्ये नोंद केली. फिल्मचे पाकीट काउंटरवरून मी थोरल्या भावाच्या हातात दिले आणि म्हणाले, “काही नाही, नॉर्मल आहे.”

त्या एका वाक्याची किंमत आम्हाला पुढे वर्षभर मोजावी लागली.

भावाने ती फिल्म घरी नेली. सुधाकरांनी ती दुकानात ट्यूबलाइटखाली चिकटपट्टीने लावली. गिऱ्हाईक आले की दाखवायचे, “बघा, डोकं ठणठणीत हाय माझं.” कर्जामुळे गावात जी कुजबुज चालली होती, तिला त्यांनी दिलेले ते उत्तर होते, आणि त्यामागचा अपमान मला समजतो. पण फिल्म रोज डोळ्यांसमोर होती आणि गोळ्याही रोज घ्याव्या लागत होत्या. डोक्यात काही नाही, तर गोळ्या कशाला? हा प्रश्न आधी भावाने विचारला, मग आईने, मग स्वतः सुधाकरांनी. आम्हाला तो कुणीच विचारला नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये खंडेनवमीला दुकानात हत्यारांची पूजा झाली आणि त्या दिवसापासून त्यांनी लिथियम बंद केले. एकदम बंद केले. लिथियम हळूहळू कमी करण्यापेक्षा असे झटक्यात थांबवले की आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या पत्नीने रात्री दोन वाजता 14416 या टेलिमानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला. हा नंबर मीच तिला महिनाभरापूर्वी लिहून दिला होता. सकाळी ती आमच्याकडे आली. सोबत पिशवीत दुकानाची वही होती.

वही

लांबट, लाल कापडी बांधणीची वही. प्रत्येक मोटारीची एक ओळ: नाव, गाव, किती एचपी, आगाऊ रक्कम, आली कधी, दिली कधी. ऑक्टोबरच्या पानांवर अक्षर बारीक, ओळीत बसलेले, दिवसाला तीन-चार नोंदी. नोव्हेंबरच्या मध्यापासून अक्षर मोठे होत जाते. वेळा सरकतात: रात्री 11.20, 1.45, 2.40, 3.10. डिसेंबरच्या पानांवर एका ओळीची जागा तीन शब्दच खातात, रकमांच्या खाली दोन-दोन रेघा आहेत आणि समासात एका नव्या कारखान्याचा नकाशा काढलेला आहे. एका साडेसात एचपीच्या सबमर्सिबलची नोंद तीनदा आहे, तीन वेगळ्या रकमांनी.

पत्नी म्हणाली, “ताई, मला डॉक्टरकीचं कळत नाही. पण ह्यांचं अक्षर मला कळतंय. मागल्या साली बी असंच झालं होतं.” तिने मागच्या वर्षीची वहीही आणली होती. दोन्ही शेजारी ठेवल्या. पान चुकले नाही.

एमआरआयमध्ये जे दिसले नव्हते ते इथे शाईने लिहिलेले होते.

समोरचे पर्याय

त्या दिवशी दुपारी मॅडम, मी, पत्नी आणि थोरले भाऊ असे बसलो. चार वाटा होत्या.

एक, घरीच उपचार. पण गोळी घ्यायला सुधाकर तयार नव्हते, रोज नवी उधारी होत होती आणि रात्री मोटारसायकलवर फिरणे चालू होते. दोन, आईच्या इच्छेप्रमाणे आधी देवस्थानी नेणे. आम्ही त्याला नाही म्हटले नाही. नंतर जा, गोळ्या घेऊन जा, एवढेच म्हटले.

तीन, दाखल करणे. महाराष्ट्रातली सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये तेव्हा ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार होती, मराठवाड्यात एकही नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणी एक नोंदणीकृत खासगी रुग्णालय होते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 89 नुसार रुग्णाची निर्णयक्षमता त्या काळापुरती हरपली असेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून आणि दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर जास्तीत जास्त 30 दिवस दाखल करता येते. सुधाकर बरे असताना फेब्रुवारीत त्यांनी स्वतः पत्नीचे नाव प्रतिनिधी म्हणून लिहून दिले होते. तो कागद आता कामी येणार होता.

चौथी वाट थोरल्या भावाची. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता, त्यात बायपोलर रुग्णांच्या मेंदूतली ‘जोडणी’ वेगळी दिसते असे सांगितले होते. रंगीत रेषांचा मेंदू. त्याचे म्हणणे होते, “साधा एमआरआय काढला म्हणून दिसलं नसंल. पुण्याला मोठी मशीन हाय. पैसे लागले तर हरभरा इकतो, पण एकदा नक्की कळू द्या.”

माझ्या मते खरा निर्णायक क्षण हा होता. भाऊ अडाणीपणा करत नव्हता. व्हिडिओतली मूळ गोष्ट खरी आहे. त्याला फक्त “गरज नाही” म्हणून उडवून लावले असते, तर आम्ही काउंटरवरची चूक दुसऱ्यांदा केली असती.

मेंदूच्या जोडणीबद्दल जे सांगितले

मॅडमनी अर्धा तास दिला. बाहेर पेशंट थांबले होते, तरी दिला.

मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी मज्जातंतूंच्या जुडग्यांनी जोडलेले असतात. या तंतूंवर मायलिनचे वेष्टन असते. जोडणी दोन प्रकारे मोजतात. एका पद्धतीत मेंदूतल्या पाण्याचे रेणू कोणत्या दिशेने सहज सरकतात ते पाहतात. तंतू नीट एका दिशेने रचलेले आणि वेष्टित असतील तर पाणी त्यांच्या लांबीच्या दिशेने जास्त सरकते. दुसऱ्या पद्धतीत माणूस मशीनमध्ये नुसता पडून असताना कोणते भाग एका तालात चालतात ते पाहतात. ही दुसरी पद्धत 1995 मध्ये भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आली.

बायपोलर आजारात काय सापडते? एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन गटाने 2019 मध्ये 26 ठिकाणची माहिती एकत्र केली: 1482 रुग्ण आणि 1551 निरोगी माणसे. पहिल्या पद्धतीच्या मोजमापात मेंदूच्या बऱ्याच तंतुमार्गांत रुग्णांच्या गटाची सरासरी कमी भरली. सर्वांत ठळक फरक दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसममध्ये आणि भावनांशी संबंधित सिंग्युलम या तंतुमार्गात होता. लिथियम घेणाऱ्यांमध्ये तंतूंचे मोजमाप न घेणाऱ्यांपेक्षा चांगले आढळले. कपाळामागचा भाग भावनेला लगाम घालतो आणि मेंदूच्या आत खोलवर असलेला अमिग्डाला हा भाग भावनेची पहिली ठिणगी देतो. या दोघांमधला मेळही उन्मादात बदललेला दिसतो, असे इतर अभ्यास सांगतात.

भाऊ म्हणाला, “मंग तेच तर बघायचंय.”

मॅडमनी विचारले, “तुमच्या शिवारातली ज्वारी आणि शेजारच्या शिवारातली ज्वारी, दोन्हीची सरासरी उंची वेगळी असते ना? आता मी तुमच्या हातात एकच धाट दिलं. ते कोणत्या शिवारातलं, सांगाल?”

तो थोडा थांबला आणि म्हणाला, “नाही सांगता यायचं.”

मेंदूच्या जोडणीचेही तसेच आहे. हजारो माणसांच्या सरासरीत दिसणारा फरक एका माणसाच्या स्कॅनवरून ओळखता येत नाही. कितीतरी रुग्णांचे मोजमाप निरोगी माणसांच्या पल्ल्यातच असते आणि उलटही. रुग्णांच्या निरोगी भावंडांतही काही फरक सापडतात. शिवाय उन्मादातला माणूस मशीनमध्ये स्थिर पडू शकत नाही, आणि डोके थोडे हलले तरी हे मोजमाप बिघडते. म्हणून आजही या स्कॅनवरून आजाराचे निदान होत नाही. निदान होते ते झोप, बोलणे, खर्च आणि वागणे यांच्या इतिहासावरून. मॅडमनी टेबलावरच्या दोन वह्यांवर हात ठेवला.

भाऊ पुण्याला गेला नाही. त्याच संध्याकाळी दाखल करण्याचे ठरले.

उपचार, आणि एक तुलना जी थोडी फसली

सुधाकर 16 दिवस दाखल होते. पहिले तीन दिवस फार अवघड गेले. ते पत्नीशी बोलत नव्हते, “तू मला वेडा ठरवलं” म्हणत होते. ती रोज डबा घेऊन यायची आणि बाहेरच्या बाकावर बसायची. लिथियम पुन्हा सुरू झाले, सोबत उन्माद आवरणारे औषध. दहाव्या दिवशी ते सात तास झोपले.

बाराव्या दिवशी मी त्यांच्याशी जोडणीबद्दल बोलले. वाइंडिंगवाल्याला वेष्टन समजावून सांगायची गरज नव्हती. तांब्याच्या तारेवर इनॅमल असते, ते गेले की कॉइल शॉर्ट होते. ते लगेच म्हणाले, “म्हणजे तार तुटली नाही. इनॅमल कुठंतरी नाजूक हाय. लोड आला की तापतंय.” मला फार आनंद झाला. लोड म्हणजे जागरण, हेही त्यांनीच सांगितले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी आजार स्वतःच्या शब्दांत मांडला होता, आणि त्यात दोष किंवा लाज नव्हती.

पण दोन दिवसांनी ते खचलेले दिसले. “ताई, जळकी मोटार मी पुन्हा भरतो. डोक्याचं रिवाइंडिंग कुठं व्हतं?” ती तुलना त्यांना भिंतीपर्यंत घेऊन गेली होती. तांब्याची तार मेलेली असते, मेंदूची जोडणी जिवंत असते आणि आयुष्यभर बदलत राहते. ही गोष्ट मी आधी सांगायला हवी होती. मॅडमनी ती सांगितली, पण तोलून: लिथियमने जोडणी दुरुस्त होते असे आज म्हणता येत नाही, मात्र लिथियम नियमित घेतल्याने पुढचे झटके कमी होतात हे दशकानुदशके दिसले आहे. उपचारासाठी एवढे पुरेसे आहे.

त्याच आठवड्यात पत्नीने मला व्हरांड्यात गाठले आणि हळू आवाजात विचारले, “लेकरांच्या तारा बी तशाच असतील का?” मला वाटते, सगळ्या संशोधनाचा घरापर्यंत पोचणारा प्रश्न हाच असतो. आई-वडिलांपैकी एकाला बायपोलर असेल तर मुलांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरे, पण अशा दहा मुलांपैकी साधारण नऊ जणांना हा आजार होत नाही. मुलांचे स्कॅन काढून काही कळणार नाही. झोपेची शिस्त आणि घरातली मोकळी बोलणी मात्र त्यांना आजपासून देता येतील.

दुकानाची घडी

घरी सोडण्याआधी बैठक झाली, त्यात दुकानच मुख्य विषय होते. ठरले ते असे: संध्याकाळी सातनंतर आलेली मोटार थोरला भाऊ उतरवून घेईल, काम सकाळीच सुरू होईल. हंगामात एक कारागीर रोजाने ठेवायचा. वहीत एक रकाना वाढवला: झोप किती तास. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर पत्नी आम्हाला फोन करेल, आणि त्यावर सुधाकर वाद घालणार नाहीत. हे शेवटचे त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर स्वतः लिहून सही केली. तारेच्या व्यापाऱ्याशी मी आणि भाऊ बोललो, त्याने न वापरलेली बंडले परत घेतली. व्याजाचे कर्ज मात्र तसेच राहिले.

फिल्म काढायला आम्ही सांगितले नाही. त्यांनी ती स्वतःच काढून माळ्यावर ठेवली.

पुढे काय झाले

मे 2023 मध्ये एक धक्का बसला. पाठ धरली म्हणून सुधाकरांनी मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून आठवडाभर घेतल्या. उन्हाचा कडाका, पत्र्याचे दुकान, घाम, पाणी कमी. पत्नीला आधी दिसले ते हात: स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचेत तार बसवताना बोटे थरथरत होती आणि दोनदा तार निसटली. जुलाबही सुरू झाले होते. लिथियमची रक्तपातळी आम्ही 0.6 ते 0.8 मध्ये ठेवत होतो, ती 1.4 आली. अशा वेदनाशामक गोळ्या आणि शरीरातले पाणी कमी होणे, दोन्हींनी लिथियम चढते. मॅडमनी लिथियम थांबवले, डायक्लोफिनॅक बंद केले, पाणी व मीठ नीट घ्यायला लावले, मूत्रपिंडाची तपासणी केली. पातळी उतरल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरू केले. आता दर उन्हाळ्याच्या तोंडाला पातळी तपासतो. रात्री नऊची गोळी घेतल्यावर सकाळी नऊला, म्हणजे बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचे असते. सातची एसटी पकडली की ते जमते.

डिसेंबर 2023 मध्ये झोपेच्या रकान्यात 4 आणि 4 असे दोन आकडे आले. तिसऱ्या दिवशी ते दोघे आमच्यासमोर होते. औषध काही दिवस वाढवले, दुकान चार दिवस भावाने सांभाळले आणि दाखल करावे लागले नाही. त्यानंतर मोठा झटका आलेला नाही. कर्ज अजून फिटते आहे. शेजारचा गाळा गेल्या वर्षी तोट्यात विकला. पत्नीच्या मनातली भीती गेलेली नाही. रात्री दोनला जाग आली की ती अजून दुकानाकडे बघते.

आम्ही काय वेगळे केले असते

पहिली गोष्ट, एमआरआय सांगण्याआधी दहा मिनिटे बसून सांगितले असते: हा कशासाठी, आणि नॉर्मल आला तर त्याचा अर्थ काय. आता आमच्याकडे फिल्म काउंटरवरून दिली जात नाही. मी आत बोलावते आणि रुग्णाकडून वदवून घेते: “गाठ नाही, रक्तस्राव नाही. आजाराचं निदान या फोटोवर अवलंबून नव्हतं.”

दुसरी, सुरुवातीलाच दुकानाच्या वह्या मागायला हव्या होत्या. आम्ही महिनाभर लक्षणे विचारत राहिलो आणि पुरावा त्यांच्या गल्ल्याखाली पडून होता. आता शेतकऱ्याला पाण्याच्या पाळ्या विचारते, ट्रकवाल्याला फेऱ्यांची डायरी.

तिसरीबद्दल आमच्यात अजून मतभेद आहे. मॅडमना वाटते की जोडणीची गोष्ट दाखल असतानाच सांगणे घाईचे झाले, महिनाभर थांबायला हवे होते. मला तसे वाटत नाही. त्या दिवशी सुधाकरांनी इनॅमलचे उदाहरण स्वतः दिले नसते, तर वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी सही केली असती का, याची मला शंका आहे. पण तुलना कुठे थांबते हे त्याच बैठकीत सांगायला हवे होते, यावर दोघींचे एकमत आहे.

आणि चौथी, पत्नीची विचारपूस आम्ही फार उशिरा केली. दोन वर्षे ती आमच्यासाठी माहिती देणारी व्यक्ती होती. तिची स्वतःची झोप किती, हे मी पहिल्यांदा विचारले ते 2024 मध्ये. ती काही बोलली नाही, वही उघडून दाखवली. झोपेच्या रकान्याशेजारी पेन्सिलने तिने स्वतःचाही आकडा लिहायला सुरुवात केली होती. त्या आठवड्यात तो कुठेच पाचाच्या वर नव्हता. आता दर दोन महिन्यांनी सुधाकर आत मॅडमकडे जातात तेव्हा ती माझ्याकडे बसते, आणि आधी तिचा रकाना बघतो.